फोर बाय फोरचे टायर आणि फेंडर : कोकणात पहिल्यांदा बदलताना

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी दारात आली की महिन्याभरात तिचे टायर मोठे करावेत आणि चाकांवर रुंद फेंडर चढवावेत, असे बहुतेकांना वाटते. मलाही वाटले होते. रत्नागिरी तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची आंब्याची बाग आहे आणि तिथवरचा शेवटचा दीड किलोमीटर कातळातून व तांबड्या मातीतून जातो. त्यामुळे गाडी गरजेची होती, पण तिच्यातले बदल मी हौसेने केले आणि तेही उलट्या क्रमाने. आधी फेंडर घेतले, मग त्यांना शोभतील असे टायर घेतले, आणि दोन्ही एकमेकांना घासू लागल्यावर मोजपट्टी हातात घेतली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फेंडर उतरवले तेव्हा त्यांच्याखालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जात होता. पुढचा क्रम त्या खर्चातून शिकलेला आहे.

एक खुलासा आधीच करतो. वर ज्यांना मी फेंडर म्हटले ते खरे तर फ्लेअर. चाकावरचा मूळ पत्रा म्हणजे फेंडर, त्याच्या कडेला बाहेरून लावलेली पट्टी म्हणजे फ्लेअर, आणि चाकाच्या कमानीत आतून बसवलेले प्लास्टिक म्हणजे लायनर. गॅरेजमध्ये या तिन्हींना सर्रास ‘मडगार्ड’ म्हणतात. सामान मागवताना नक्की कोणते हवे ते बोट ठेवून दाखवावे, नाहीतर भलतेच हातात येते.

१. गाडी कुठे चालते ते आधी लिहून काढा

एका कागदावर गेल्या महिन्यातले सगळे प्रवास मांडा. माझ्या यादीत दहापैकी साडेआठ किलोमीटर डांबर निघाले. बाकीचे दीड म्हणजे कातळ, पाणंद आणि पावसाळ्यात पायरीइतके खोल गेलेले चाकोरे. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी वर्षातून एकदाही गेली नव्हती, तरी टायर निवडताना माझ्या डोळ्यांसमोर पुळणच होती.

कोकणातील डांबर म्हणजे जून ते सप्टेंबर ओले डांबर. रत्नागिरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आंबा, कुंभार्ली किंवा गगनबावड्याच्या घाटात समोरून ट्रक येत असताना ब्रेक लागला पाहिजे, ही आपल्याकडची पहिली अट आहे. चिखलातून बाहेर पडणे ही दुसरी. हा क्रम उलटला की टायर चुकतो.

२. कागदपत्रे आणि साहित्य जमवा

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी, गाडीची माहितीपुस्तिका, वॉरंटीची अट असलेले पान आणि चालकाच्या दाराच्या खांबावरील टायर व हवेच्या दाबाच्या पट्टीचा फोटो हाताशी ठेवा. साहित्यात मोजपट्टी, हवेचा दाब मोजायचे गेज, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, जॅक, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या ताकदीने आवळायचा पाना) आणि मूठभर शाडूची माती लागेल. शाडू कशासाठी, ते सहाव्या पायरीत येईल.

कायद्याची बाजू याच टप्प्यावर पाहून घ्यावी, कारण पैसे गेल्यावर ती पाहण्यात अर्थ नसतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ (४) प्रमाणे बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बंपरपुढे लावायचे लोखंडी बार, म्हणजे बुलबार, वेगळेच. त्यांवर केंद्राने २०१७च्या अखेरीस कारवाईचे आदेश दिलेले आहेत, तेव्हा फेंडरसोबत दुकानदार ‘सेट’ म्हणून बुलबार गळ्यात मारू लागला तर नको म्हणा.

व्यवहारात सगळ्यांत निर्धोक रस्ता असा, की तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनी जे माप देते तेच घ्यावे, आणि फ्लेअर कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरी यादीतले घ्यावेत. त्यापलीकडे जायचे असेल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारावे. फोनवरचे ‘काही होत नाही हो’ हे उत्तर दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

३. टायरची जात ठरवा

बाजारात तीन जाती मिळतात. एचटी म्हणजे डांबरासाठीचा, बारीक नक्षीचा टायर. एमटी म्हणजे चिखलासाठीचा, मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद चर असलेला. एटी या दोघांच्या मधला. दिसायला एमटी सर्वांत रांगडा, यात वाद नाही. गाडीचे छायाचित्र काढायचे तर तोच घ्यावा.

पण ओल्या डांबरावर पकड देण्यात ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांचा मोठा वाटा असतो, आणि त्या एमटीवर कमी असतात. डांबराला टेकणारे रबरही कमी असते. परिणामी घाटातल्या ओल्या उतारावर गाडी उशिरा थांबते, आणि सत्तरच्या वेगाला गाडीत बोलणे ऐकू येईनासे होते. दुसरीकडे, एचटीच्या बारीक नक्षीत आपली तांबडी माती दोन वळणांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. म्हणून बाग, सडा आणि महामार्ग अशी मिसळ असेल तर एटी घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा रोजचा रस्ता चिरेखाणीचा किंवा भातखाचरांच्या बांधाचा आहे त्याने एमटीचा विचार करावा. घाट मात्र मग हळू उतरावा लागेल.

जांभ्याच्या धारदार कडा टायरच्या तळापेक्षा बाजूच्या भिंतीला जास्त कापतात. त्यामुळे निवडताना नक्षीइतकेच बाजूकडे बघा: भिंत किती थरांची आहे आणि नक्षीचे ठोकळे बाजूवर किती खाली उतरले आहेत. बाजूवर पर्वत आणि हिमकण यांचे चिन्ह दिसले तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. ते बर्फावरच्या चाचणीचे आहे.

पांढऱ्या अक्षरांचा मोह अनेकांना होतो. ती अक्षरे बाहेरच्या बाजूला ठेवली की पहिल्या पावसातच तांबड्या मातीने गुलाबी होतात आणि घासून घासून पिवळी पडतात. मी ती आत वळवून घेतली. टायर एकाच दिशेने फिरणारा नसेल आणि बाजूवर ‘ही बाजू बाहेर’ अशी खूण नसेल तर तसे करता येते, पण टायर रिमवर चढवण्यापूर्वी सांगायला हवे.

खरेदीच्या वेळी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. किनाऱ्यावरच्या दुकानांत टायर उन्हात, बाहेरच रचलेले असतात. सहा महिन्यांहून जुना माल घेऊ नये.

४. माप काढा, अंदाज करू नका

महिंद्राच्या थारच्या २०२० नंतरच्या पिढीत २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापे कंपनीकडूनच आली. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंच बाजू आहे ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे २४५ चे ७५ टक्के १८३.७५; बाजू वर आणि खाली असल्याने दुप्पट करून ३६७.५, त्यात सोळा इंचांचे ४०६.४ मिळवले की एकूण उंची सुमारे ७७४ मिलिमीटर. याच हिशेबाने २५५/६५ आर १८ ची उंची ७८९ आणि लोकप्रिय असलेल्या २६५/७५ आर १६ ची ८०४ येते.

आता फरक पाहा. ७७४ वरून ८०४ ला गेल्यावर टायर तीस मिलिमीटरने उंच झाला, पण गाडीचे पोट जमिनीपासून त्याच्या निम्मे, पंधराच मिलिमीटर वर गेले. म्हणजे जेमतेम करंगळीच्या जाडीएवढे. त्या बदल्यात स्पीडोमीटर ऐंशी दाखवत असताना गाडी सुमारे त्र्याऐंशीने धावते, चाक जड झाल्याने ब्रेकवर ताण येतो आणि घाटात एक गिअर खाली यावे लागते. मारुतीच्या जिम्नीच्या १९५/८० आर १५ ची उंची ६९३ आहे. तिला २३५/७५ आर १५ घातला तर ती ७३४ च्या आसपास जाते. वाढ जवळजवळ सहा टक्के. जाणकार मेकॅनिक तीन टक्क्यांच्या आत राहायला सांगतात, आणि ते भित्रेपणाने सांगत नाहीत.

रुंदीबाबतही असेच. रुंद टायर भारदस्त दिसतो, पण पाणी साचलेल्या डांबरावर तो लवकर तरंगतो. आणि दोन रिमांत निवड असेल तर लहान रिम घ्या. सोळा इंचांच्या रिमवर बाजू उंच राहते. खड्डा आणि कातळ तीच झेलते, आणि हवा कमी करायची वेळ आली तर वावही तिथेच मिळतो. अठराचे अलॉय देखणे असतात, पण पावसाळ्यातल्या महामार्गाने मला एक वाकवून दाखवला आहे.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि बहुतेक जण बघत नाहीत.

५. रिमचा ऑफसेट समजून घ्या

रिम बदलायचा नसेल तर ही पायरी सोडा. बदलायचा असेल तर नटांच्या वर्तुळाचे माप जुळले म्हणजे झाले असे नाही. आताच्या थारला १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा नट आहेत, जिम्नीला त्याच वर्तुळावर पाच. त्याशिवाय ‘ईटी’ नावाचा आकडा असतो, तोच ऑफसेट: रिमचा मध्य आणि गाडीला टेकणारी त्याची बाजू यांतले अंतर. तो जितका कमी, तितके चाक बाहेर येते. बाहेर आलेले चाक रुबाबदार दिसते खरे, पण मूळ फेंडरच्या बाहेर डोकावणारा प्रत्येक सेंटिमीटर चिखल उडवतो. तो चिखल आपल्या दारांवर बसतो, मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडतो आणि पाणंदीच्या कडेला गडग्याला चिकटून उभ्या राहिलेल्या शाळेच्या पोरांच्या गणवेशावर जातो. फेंडरचे मूळ काम हे अडवण्याचे आहे, शोभेचे नंतरचे.

स्वस्त स्पेसर, म्हणजे रिमच्या मागे घालायची चकती, लावून चाक बाहेर काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बेअरिंगवर ताण येतो आणि नट सैल होण्याची जागा दुप्पट होते.

६. शाडू लावून घासणी तपासा

नवा टायर एकाच चाकाला चढवा. चारही बसवून घेण्याची घाई करू नका. चाकाच्या कमानीत वर, मागे आणि बंपरच्या कोपऱ्यात ओल्या शाडूच्या सुपारीएवढ्या गोळ्या चिकटवा. आमच्याकडे गणपती घरी करतात, त्यामुळे शाडू असतोच. नसेल तर मुलांचे प्लॅस्टिसिन चालेल. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी हळू पुढे-मागे घ्या आणि तेच चाक एखाद्या घट्ट बांधावर चढवून सस्पेन्शन पूर्ण दबू द्या. गोळी किती चेपली ते पाहिले की टायर आणि पत्रा यांच्यात किती अंतर उरते ते कळते. पंधरा मिलिमीटरांहून कमी उरले तर मी ते माप घेत नाही, कारण चिखल भरल्यावर तेही उरत नाही.

चाक उंच करण्यासाठी जांभ्याचे चिरे एकावर एक रचू नका. चिरा भाराखाली न सांगता फुटतो.

स्टेपनी विसरू नका. थार आणि जिम्नीला ती मागच्या दारावर लटकते. मोठा, जड टायर लावला की बिजागऱ्यांवर भार येतो आणि काही महिन्यांत दार कुरकुरू लागते. स्टेपनी जुन्या मापाचीच ठेवली, तर ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत आणि फोर बाय फोर बंद ठेवूनच वापरायची. उंचीत फरक असलेल्या चाकांवर फोर बाय फोर चालवले तर गिअरवर ताण येतो.

७. फेंडरची ठेवण

आता कुठे फेंडरची पाळी. आवडीनिवडी इथेच खऱ्या उफाळून येतात, आणि प्रत्येक ठेवणीमागे काही इतिहास आहे. जुन्या विलीज जीपचे फेंडर सपाट, टेबलासारखे होते. १९५५च्या सीजे-५ या मॉडेलपासून ते गोलाकार झाले. भारतात महिंद्राने दीर्घकाळ सपाट फेंडरांच्या जीप बनवल्या, त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत ‘जीप’ म्हणजे सपाट फेंडरच आहे. त्यावर बसून फणस वाहिलेली माणसे आमच्या वाडीत अजून आहेत. त्या आठवणीने नव्या गाडीलाही सपाट फेंडर लावून घेणारे भेटतात. टायरला वरती वाव भरपूर मिळतो, पण वरच्या सपाट पृष्ठभागावर माती आणि पालापाचोळा साचून ओला राहतो.

पाइपचे फेंडर, म्हणजे पत्रा कापून त्या जागी वाकवलेला पाइप, हे खडकाळ स्पर्धांसाठी ठीक. कोकणात ते मला पूर्णपणे गैरलागू वाटतात. चिखल अडत नाही, पाइपच्या आतून गंज लागतो तो दिसत नाही, आणि मूळ पत्रा कापल्यामुळे कायद्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

उरतात दोन: कंपनीसारखे गुळगुळीत फ्लेअर, आणि बोल्टांची डोकी बाहेर दिसणारे, खिसे पाडलेले फ्लेअर. दुसरे छायाचित्रात जास्त भरतात. मात्र त्या प्रत्येक खिशात माती बसते, आणि बरेचसे बोल्ट नुसते शोभेचे असतात. बिनखिशांचे, पण खरखरीत पोताच्या काळ्या प्लास्टिकचे फ्लेअर मी आता वापरतो. गाडीच्या रंगाचे रंगवून घेतलेले सुरुवातीला सुंदर दिसले होते. सड्यावरच्या करवंदीच्या जाळ्यांनी एका हंगामात त्यांवर रेघोट्या ओढल्या. काळ्या पोतावर रेघ दिसत नाही. उन्हाने ते पांढुरके पडते, एवढाच त्याचा दोष.

साहित्यात एबीएस प्लास्टिक लवचिक असते आणि दगडाला टेकले तर वाकून परत येते. फायबर हलके आणि स्वस्त, पण ते तडकते. पत्र्याचे फ्लेअर किनाऱ्यापासून पाच-दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्याने घेऊ नयेत.

८. बसवणे

सगळा घोळ इथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी.

माझे पहिले फ्लेअर एका गॅरेजात तासाभरात बसवले गेले. चारही चाकांवर मिळून चाळीसच्या आसपास भोके पाडली, उघड्या पत्र्यात साधे स्क्रू पिळले आणि वर काळी टोपी लावली. भोक पाडले की पत्र्याचे कच्चे लोखंड उघडे पडते. समुद्रावरून येणारा खारा वारा, त्यात तांबड्या मातीचा ओला लगदा, आणि तो वाळू न देणारा फ्लेअर. गंजाला याहून चांगले घर मिळणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: भोक न पाडता बसेल का? बहुतेक गाड्यांच्या कमानीत लायनर धरणारी मूळ भोके आणि क्लिपा असतात. चांगला फ्लेअर त्याच जागा वापरतो. दुहेरी चिकटपट्टीवर बसणारे फ्लेअरही मिळतात, पण पत्रा स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरड्या दिवशी ते लावावे लागतात आणि दिवसभर गाडी हलवायची नसते. आगोटीच्या धांदलीत, मृगाच्या तोंडावर हे काम काढू नका. मार्च किंवा एप्रिल योग्य.

भोक पाडावेच लागले तर पाडल्याबरोबर कडा कानशीने साफ करा, झिंक असलेला प्रायमर दोन हात द्या, वाळू द्या, मग रंगाचा हात द्या, आणि त्यानंतरच बोल्ट घाला. बोल्ट स्टेनलेसचा घ्या. ३१६ प्रतीचा मिळाला तर खाऱ्या हवेत तो ३०४ पेक्षा जास्त टिकतो. मात्र स्टेनलेस बोल्ट आणि साधा पत्रा थेट एकमेकांना टेकले व मध्ये खारे पाणी आले, तर बोल्ट चकचकीत राहतो आणि पत्राच आधी गंजतो. म्हणून दोघांच्या मध्ये नायलॉनचा वायसर असलाच पाहिजे. गॅरेजवाला म्हणेल, ‘साहेब, एवढं कोण करतं?’ त्याला वायसरांची पुडी स्वतःच नेऊन द्यावी.

फ्लेअरच्या वरच्या कडेला रबरी पट्टी बसवतात ती रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून. ती वर सलग असू द्या, पण खालच्या टोकांना फ्लेअर बंद करू नका. पाणी आणि माती बाहेर पडायला दोन्हीकडे बोटभर फट हवी. सिलिकॉन भरून सगळे ‘पॅक’ करून देणारा कारागीर पाणी आतच कोंडतो.

लायनर काढून टाकू नका. टायर घासतो म्हणून लायनर कापणारे अनेक आहेत. त्यांच्या हेडलाइटच्या वायरिंगवर पुढे वर्षभर चिखल उडत राहतो.

९. पहिले पाचशे किलोमीटर

नवे चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांनी सगळे नट माहितीपुस्तिकेतल्या टॉर्कने पुन्हा आवळा. अलाइनमेंट करून घ्या. टायर दर आठ-दहा हजारांनी आलटून-पालटून लावा, स्टेपनी समान मापाची असेल तर तीही त्या फेऱ्यात घ्या. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली की टायर कायद्यानेही संपला. आपल्या पावसासाठी तो त्याच्या बराच आधी बदलावा.

डांबरावर दाराच्या पट्टीवर लिहिलेलाच दाब ठेवा. कातळावर मी पंचवीस पीएसआयपर्यंत खाली येतो, खोल चिखलात वीसपर्यंत. हवा कमी केल्यावर वेग वीस-पंचवीसच्या आत ठेवा, झटक्याने वळू नका, आणि डांबर लागले की आधी कॉम्प्रेसर काढा. पंधराच्या खाली गेल्यास टायर रिमवरून निसटू शकतो.

पुळणीबद्दल थोडेच सांगतो: गाडी नेऊ नका. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि कालचा अंदाज आज चुकतो. रुतलेल्या गाडीभोवती पाणी चढताना पाहणारे पर्यटक दर हंगामात दिसतात, आणि त्यांच्यावर गुन्हेही दाखल होतात. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूत असतात. चाकाखाली काय आले ते वरून कळत नाही.

१०. धुणे आणि दुरुस्ती

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीने गेलात तर धक्क्याच्या उतारावर चाके खाऱ्या पाण्यातून जातात. त्याच दिवशी गोड्या पाण्याने, फ्लेअरच्या आतून वरच्या दिशेने पाइप धरून धुवा, तांबडे पाणी यायचे थांबेपर्यंत. वॉशिंग सेंटरवाला खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारू लागला तर थांबवा. त्याने सस्पेन्शनची रबरे फुगतात.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाच्या आधी आणि दसऱ्यानंतर, फ्लेअर पूर्ण उतरवून आतला पत्रा पाहा. रंगाला फुगवटा आला असेल तर तो तिथल्या तिथे खरवडून, प्रायमर मारून, मगच फ्लेअर परत चढवा. क्लिपा काढताना दोन-चार तुटतातच, म्हणून त्याच मापाच्या दहा-बारा क्लिपा आधी आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रविवारी दुकाने बंद असतात.